आफ्रिकेचं लुगडं

विश्वंभररावांनी गोष्ट कुठपर्यंत आणली आहे, हे लीलाबाईंना स्वयंपाकघरातूनही कळत होतं. आधी ॲमस्टरडॅमचा कालवा, मग त्या कालव्याकाठचं जुन्या कागदांचं दुकान, मग बोटीवर नकाशाची नळी उशाशी घेऊन झोपणारे मामंजी. मामंजींना, म्हणजे जनार्दनराव सबनिसांना, बडोदे संस्थानानं ग्रंथालयांचं काम शिकायला युरोपात पाठवलं होतं. येताना त्यांनी स्वतःसाठी एवढी एकच वस्तू आणली. डच कारागिरांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला आणि हातानं रंगवलेला, तीनशे वर्षांपूर्वीचा जगाचा नकाशा. दोन मोठे गोल, समुद्रात शिडांची जहाजं आणि पाणी उडवणारे मासे, आणि चार कोपऱ्यांत चार खंडांच्या चार बायका. दांडिया बाजारातल्या घरात तो होता, आणि आता पोलो ग्राउंडजवळच्या या सोसायटीतल्या बंगल्यातही समोरच्या भिंतीवर तोच.

"आणि मग," बाहेर विश्वंभरराव म्हणाले, "आमची आई."

लीलाबाईंनी पुरी उलटली. हे वाक्य आलं की नवरा किंचित थांबतो, पाहुण्याच्या तोंडाकडे बघतो, हे त्यांना पाठ होतं.

"युरोप आधीच पायघोळ झग्यात, डोक्यावर मुकुट. तिची अडचण नव्हती. बाकीच्या तिघी मात्र, तुम्ही जाणताच, हवेशीर. वडील, आमचे अण्णा, सावली गावाकडे दौऱ्यावर गेले. परत येतात तो काय, आफ्रिका हिरव्या लुगड्यात, अमेरिका जांभळ्या, आणि आशियाबाईंना लाल चोळी. अण्णा म्हणाले, अगं, हे केलंस काय? तर आई म्हणते, घरात पुरुषमाणसं येतात-जातात, बाईमाणसाला असं उघडं बसवायचं का?"

पाहुणे हसले. पाहुणे म्हणजे लक्ष्मीकांत कारखानीस, युनिव्हर्सिटीत जुन्या चित्रांची, कागदांची डागडुजी करणारे. विश्वंभररावांनी वडिलांच्या स्मरणार्थ नकाशा युनिव्हर्सिटीला द्यायचं कबूल केलं होतं आणि आज तो न्यायला कारखानीस आले होते. त्या निमित्तानं घरच्यांचं जेवण ठेवलं होतं. गुजरात वेगळं राज्य झाल्यावर अर्धे नातेवाईक पुण्याला निघून गेले होते, तेव्हा घरचे म्हणजे आता फार कोणी नव्हते. करजणहून आलेली धाकटी बहीण सुनेत्रा, मरून गेलेल्या भावाची, वसंताची बायको आनंदी, आणि तिची मुलगी वसुंधरा. या दोघी वसंत गेल्यापासून याच घरात राहत होत्या.

"एवढा विद्वान माणूस," विश्वंभरराव शेवटाकडे आले, "आणि बायको अशी गावंढळ. महिनाभर अण्णा बोलले नाहीत तिच्याशी."

लग्न होऊन आल्यावर लीलाबाईंनी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली, तेव्हा सासूबाई तिथंच बसल्या होत्या. सगळे हसले तेव्हा त्याही खाली बघून हसल्या. नवी सून म्हणून लीलाबाई जरा जास्तच हसल्या होत्या. आज का कोण जाणे, ते आठवून त्यांना बरं वाटलं नाही.

त्यांनी मागे वळून पाहिलं. आनंदी खंडेराव मार्केटातून आणलेली कोथिंबीर निवडत होती. सुनेत्रा पाटावर बसून वालपापडी सोलत होती, आणि तिचा हात थांबला होता.

"वन्सं, बाहेर बसा ना तुम्ही. पाहुण्यासारख्या आलात."

"बरी आहे इथं," सुनेत्रा म्हणाली. "ती गोष्ट संपू दे."

*

जेवणाआधीच नकाशा उतरवायचं ठरलं. वसुंधरानं आणि कारखानीस सरांनी मिळून तो भिंतीवरून काढला, जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर घालून त्यावर ठेवला, आणि मागचे खिळे एक-एक करून सोडवले. वसुंधरा फाइन आर्ट्सच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि सर तिला शिकवायला होते. काच बाजूला झाली तेव्हा तिनं आयुष्यात पहिल्यांदा तो कागद उघडा पाहिला. कागद जाड होता, कापडासारखा, आणि समुद्राचा रंग काचेखाली वाटायचा त्यापेक्षा कितीतरी फिका होता.

सर भिंग घेऊन बराच वेळ वाकले होते. कॅलिफोर्निया बेटासारखं काढलंय बघ, ते तिला म्हणाले. त्या वेळी त्यांना तसंच वाटत होतं. मग ते कोपऱ्यांकडे वळले.

"सबनीससाहेब, आईंचा हात मात्र चांगला होता. लुगड्याचे काठ बघा."

"गौरीचे मुखवटे रंगवायची ती," विश्वंभरराव खूश होऊन म्हणाले.

"हा रंग सफेद्यात कालवलेला आहे, डिंकावर. ओल्या कापसानं अलगद निघेल. खालचा मूळ रंग बहुतेक शाबूत असेल. नकाशा जसा ॲमस्टरडॅमहून निघाला, तसा करून देता येईल आपल्याला."

वसुंधराला वाटलं, मोठे काका आता आनंदानं सरांचा हात धरतील. काकांनी हात मागे घेतले.

"नको. ते राहू द्या."

"पण मूळ चित्र..."

"नकाशाखालच्या पाटीवर ती हकीकत लिहायची आहे मला. आईच्या लुगड्याची. लोकांना मजा वाटेल. मी सांगतो ना, राहू द्या."

"काका, हकीकत लिहू या की," वसुंधरा म्हणाली. "एक कोपरा साफ करू या, बाकीचे तसेच. म्हणजे फरक दिसेल. सर, थोडंसं आत्ताच करून बघू? रंग सुटतो का ते तरी कळेल. आफ्रिकेपासून."

"वसू, बस. मी नको म्हटलं."

काकांचा आवाज चढलेला तिनं क्वचित ऐकला होता. शिक्षणाधिकारी म्हणून निवृत्त झालेले, सभांमधून शांतपणे बोलणारे काका. लीलाकाकू हात पुसत दारात आल्या. त्यांच्या मागे आत्या. आत्या तिथूनच म्हणाली,

"करू दे की तिला, दादा. चाळीस वर्षं झाली. आता कुणाची लाज झाकायची आहे?"

"सुनेत्रा, तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये मीच आहे." आत्या टेबलापर्यंत आली. तिनं नकाशाकडे पाहिलं नाही. "तू ती गोष्ट सांगतोस आणि सगळे आईला हसतात. मी कधी बोलले नाही, कारण मला माझंच बोलायची लाज वाटायची. कारखानीस, आमची आई गावंढळ नव्हती. त्या आफ्रिकेच्या अंगावर माझं नाव लिहिलं होतं. शाईनं. ते दिसू नये म्हणून तिनं तिला लुगडं नेसवलं, आणि एकटीलाच नेसवलं तर अण्णा विचारतील म्हणून बाकीच्या दोघींनाही."

सर भिंग पुसत राहिले.

"मी काळी," आत्या म्हणाली, "आणि मला आफ्रिका म्हणायचे घरात. म्हणून."

वसुंधराला आपले कान तापल्यासारखे वाटले. 'आत्यावर गेलीय' हे तिनं जन्मभर ऐकलं होतं. ते बोलणारा माणूस पुढं काय गिळून टाकतो, हे तिला लहानपणीच कळलं होतं.

"कुणी लिहिलं होतं?" तिनं विचारलं.

आत्यानं तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"जाऊ दे."

"कुणी, आत्या?"

"तुझ्या बाबांनी," आत्या म्हणाली. "लहान होता तो. आईनं मारलं त्याला. मी शेजारच्या खोलीत ऐकत होते. बहिणीचं नाव लिहितोस, बहिणीचं नाव, असं म्हणत मारत होती."

वसुंधराला बाबा फारसे आठवत नव्हते. रेल्वे वर्कशॉपचा निळा डगला, डब्याच्या फडक्याचा वास, आणि प्रतापनगरच्या क्वार्टरच्या ओट्यावर त्यांनी तिला इंजिनाचे आवाज काढून दाखवलेले. ती सात वर्षांची असताना ते काविळीनं गेले. एवढ्याशा आठवणींत हे कुठं ठेवायचं ते तिला कळेना. तिनं काकांकडे पाहिलं.

"खरं का, काका?"

विश्वंभरराव टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

"हं," ते म्हणाले. "लहान होता."

तिच्या आईनं, आनंदीनं, दारातून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

"मग मला बघायचंय," वसुंधरा म्हणाली. "त्यांचं अक्षर मी कधी पाहिलंच नाहीये. सर, द्या कापूस."

*

थांबवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. विश्वंभरराव खुर्चीत बसले. उठून जावं असं वाटत होतं, पण उठणं म्हणजेच सांगणं झालं असतं.

कारखानिसांनी काडीला कापूस गुंडाळला, वाटीतल्या पाण्यात बुडवला, पिळला, आणि लुगड्याच्या खालच्या काठावर टेकवून उचलला. कापूस हिरवा झाला. दुसरा घेतला. तोही हिरवा झाला. मगरीवर बसलेल्या त्या बाईचे पाय दिसू लागले, तपकिरी, गुडघ्यापर्यंत. पोरगी श्वास रोखून बघत होती. सुनेत्रा खिडकीशी, पाठ करून उभी होती.

शाई एव्हाना उडाली असेल. एवढी वर्षं झाली. ते स्वतःला सांगत होते. कागद तरी किती दिवस धरून ठेवणार? आणि दिसलंच तर काय, वसंत आता नाही. ज्याला त्रास व्हायचा तो नाही. हा विचार मनात आला आणि त्यांना स्वतःचा असा काही वीट आला, की त्यांनी डोळे मिटून घेतले. चाळीस वर्षांपूर्वीही त्यांनी हाच हिशेब केला होता, की वसंताला मार खायची सवय आहे.

"आहे," कारखानीस म्हणाले. "लोखंडी शाई. कागदात मुरलीय ही. ही जायची नाही."

"काय लिहिलंय?" वसुंधरा वाकली. "मला वाचता येत नाहीये. हे काय आहे, गुजराती?"

"नाही, मोडी आहे." कारखानिसांनी भिंग धरलं. दप्तरखान्यातले कागद हाताळून त्यांना मोडी सरावाची झाली होती. नको तेवढ्या सहजपणे त्यांनी वाचलं. "'आमची सुनी.' एवढंच आहे."

खिडकीशी सुनेत्रा वळली.

"मोडीत?" ती म्हणाली.

ती टेबलाशी आली. पोटावर, बेंबीच्या वर, एका ओळीत, हात न उचलता काढलेली ती वळणदार अक्षरं तिनं पाहिली. तिला वाचता येत नव्हतं. पण ते वळण कुणाचं, हे वाचायची गरज नव्हती. आजोबा संस्थानच्या फडणिशीत, हिशेबखात्यात होते. त्यांनी मोठ्या नातवाला रोज सकाळी पुढ्यात बसवून मोडी घोटवून घेतली होती. धाकट्याला ते म्हणायचे, तुला साधी बाळबोध लिपी आली तरी पुष्कळ झालं.

"वसंताला मोडी येत नव्हती, दादा."

विश्वंभररावांनी मान वर केली नाही.

"आजोबा तेव्हा वारले होते. अण्णा सावलीला होते." ती सावकाश बोलत होती, जणू स्वतःलाच समजावत होती. "घरात मोडी तुला एकट्याला येत होती."

लीलाबाई नवऱ्याच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. विश्वंभररावांना त्यांचा हात खांद्यावर येईल असं वाटलं. एवढ्या संसारात तो अशा वेळी नेहमी आला होता. हात आला नाही. खुर्चीच्या पाठीवर त्यांनी धरलेली बोटं निघाली, आणि त्या जाऊन वसुंधराच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"बोला की हो," लीलाबाई म्हणाल्या. "आत्ता मुलीनं तुम्हाला विचारलं तेव्हा 'हं' म्हणालात. आत्ता. माझ्यासमोर."

विश्वंभररावांनी चादरीवरचा एक सुटा खिळा उचलून मुठीत धरला.

कारखानिसांनी ओला कापूस वाटीत टाकला. "मी जरा बाहेर उभा राहतो," ते म्हणाले आणि पायांचा आवाज न करता व्हरांड्यात गेले.

*

मागच्या अंगणात आनंदी बादलीशी भांडी विसळत होती. कामवाली यायची होती, पण ती विसळत होती. सुनेत्रा दाराच्या पायरीवर बसली.

"तुला ठाऊक होतं."

"हं."

"वसंतानं सांगितलं?"

"एकदाच. लग्नानंतर पहिल्या भाऊबिजेला. तुम्ही त्यांना ओवाळलंत, आणि तबक ठेवून लगेच आत गेलात. बोलला नाहीत एक शब्द. मी विचारलं, वन्सं तुमच्यावर रागावल्यात का. तेव्हा म्हणाले." आनंदीनं हातातलं पातेलं पालथं घातलं. "म्हणाले, दादाचं मॅट्रिकचं वर्ष होतं. अण्णांना कळलं असतं तर त्याला घराबाहेर काढलं असतं. मी काय, मी कुठं शिकणार होतो."

"मग मला का नाही सांगितलं त्यानं? लग्न झालं, सगळं झालं, नंतर का नाही?"

"म्हणायचे, तिला एक भाऊ तरी धड राहू दे."

सुनेत्रानं पदर तोंडाशी नेला. तिच्या डोळ्यांपुढे करजणचं घर आलं. नारायणरावांना, तिच्या नवऱ्याला, बडोद्याहून कुणीतरी निरोप दिला होता, वसंताची तब्येत बरी नाही, बहिणीला बघायचं म्हणतोय. करजण ते बडोदा अंतर असं ते कितीसं. तिनं म्हटलं होतं, पापडाचं पीठ भिजवलंय, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशीही काहीतरी निघालं. ती पोचली तेव्हा ओट्यावर माणसं जमली होती आणि ही वसू कुणाचा तरी हात धरून तिच्याकडे टक लावून बघत होती.

इतकी वर्षं या घरात येताना तिला एकाच गोष्टीची शरम वाटत आली होती, आपल्या रंगाची. आज तिला कळलं, की शरम वाटावी असं तिनं स्वतः केलेलं काहीतरी वेगळंच होतं आणि त्याचा रंगाशी संबंध नव्हता.

"मी त्याला बघायला आले नाही, आनंदी."

"नाही आलात."

आनंदीनं तिचं समाधान केलं नाही. तसं करायला ती फार थकली होती.

"आणि तू? एवढं माहीत असून याच घरात राहिलीस. त्याच्या तोंडून ती लुगड्याची गोष्ट ऐकत."

"कुठं जाणार होते? पोरगी लहान होती. पुढं पुढं वाटायचं, सांगून टाकावं. मग भावोजी वसूला शाळेत सोडायला स्वतः जायचे, तिच्या प्रगतिपुस्तकावर सही करायचे. ती तापली की उशाशी बसायचे. मला वाटलं, फेडतायत. फेडू देत." आनंदीनं हात पदराला पुसले. "आज मात्र त्यांनी परत ह्यांच्यावरच ढकललं. पोरीच्या तोंडावर. तेव्हा मला माझीच लाज वाटली, वन्सं. मी तिथं उभी होते आणि आत निघून आले."

स्वयंपाकघरात पुऱ्या मऊ पडल्या होत्या. शेवटी सुनेत्रा उठली आणि तोंड धुऊन घरातून सरळ व्हरांड्यात गेली. कारखानीस कठड्याशी उभे होते.

"नकाशा घेऊन जा," ती म्हणाली.

"बाई, घाई नाही. तुम्ही सगळे बसून ठरवा. ती शाई काढता येणार नाही, पण पुन्हा वरून रंग देता येईल, कुणाला दिसणारही नाही."

"रंग नको. आफ्रिका आहे तशी राहू द्या, नावासकट. अमेरिकेचं आणि आशियाचं जे आहे त्याला हात लावू नका. ते आईचं काम आहे."

"अर्धवट दिसेल हो ते."

"दिसू दे."

विश्वंभरराव दारात येऊन उभे राहिले होते. त्यांचा चेहरा एका दुपारात ओघळला होता. "सुने," ते म्हणाले. लहानपणानंतर ते असं म्हणाले नव्हते. "लोक वाचतील ते."

"मोडी वाचणारे उरलेत किती, दादा? आणि वाचलंच तर कुणीतरी समजावून सांगेल. तुला गोष्ट सांगायची हौस आहेच." ती कारखानिसांकडे वळली. "पाटीवर अण्णांचं नाव घाला, त्यांनी आणला होता. त्याच्याखाली आईचं घाला. अहल्या जनार्दन सबनीस. आणि मजेशीर काही लिहू नका."

कारखानिसांनी मान हलवली. नकाशा जाड पुठ्ठ्यांत बांधून त्यांनी आणि वसुंधरानं रिक्षात ठेवला. जेवायला कुणी त्यांना थांबवलं नाही, आणि थांबा म्हणायचं राहून गेलं हे लीलाबाईंना रिक्षा वळल्यावर कळलं.

सुनेत्राही निघाली. विश्वंभरराव फाटकापर्यंत तिच्या मागोमाग गेले. चपला घालायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"मी तुझी माफी..."

"माझी नको मागू. मला एवढ्यात ती देता यायची नाही. दिलीच तर खोटी होईल." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आणि माझंही मागायचं राहिलंय, ज्याच्याकडे मागायचं तो नाही. घरात त्याची मुलगी आहे. तिला खोटं सांगितलंयस तू आज. आधी ते बघ."

*

उन्हं उतरली होती. वसुंधरा दिवाणखान्यात जमिनीवर बसून हिरवे झालेले कापसाचे बोळे वर्तमानपत्रात गोळा करत होती. भिंतीवर नकाशा होता तेवढा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसत होता. काका आत आल्याचं तिला कळलं, पण तिनं वर पाहिलं नाही.

ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे दुखायचे म्हणून ते एरवी खाली बसत नसत.

"मी लिहिलं होतं," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"ते माहीत आहे तुला. बाकीचं नाही. मी अभ्यास सोडून सिनेमाला गेलो होतो, सुनीनं ते अण्णांना सांगितलं. अण्णा बोलले मला, आणि दौऱ्यावर गेले. काच फुटली म्हणून नकाशा फ्रेमबाहेर काढून सतरंजीवर ठेवलेला होता. मी रागात लिहिलं. आईनं पाहिलं. तिला अक्षरओळख नव्हती, मोडी कुठली नि बाळबोध कुठली तेही कळायचं नाही. मलाच हाक मारली आणि म्हणाली, वाच रे, काय लिहिलंय हे." ते थांबले. "मी वाचून दाखवलं. आणि म्हणालो, वसंतानं लिहिलंय."

वसुंधराचे हात थांबले.

"बाबा तिथं होते?"

"होता. माझ्या शेजारी."

"काहीच बोलले नाहीत?"

"माझ्याकडे बघितलं त्यानं. बस. मला वाटलं आता बोलेल. तो आईकडे वळला आणि हात पुढे केला."

तिला रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, किंवा ती उठून जाईल. तसं झालं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. ती मांडी घालून बसली.

"कुठला हात?"

"काय?"

"कुठला हात पुढे केला?"

विश्वंभररावांना विचार करावा लागला नाही.

"डावा. आईनं लाकडी पळी आणली होती. मी दाराशी उभा होतो."

"रडले?"

"नाही."

"सांगा ना सगळं. मला त्यांच्याबद्दल कुणी काही सांगत नाही. आईला त्रास होतो म्हणून मी विचारत नाही. नंतर काय झालं?"

ते तिच्याकडे बघत राहिले. ते क्षमा मागायला आले होते, वाक्य जुळवून आले होते, आणि ही पोर त्यांच्याकडे तिचा बाप मागत होती. तो त्यांच्याजवळ होता. इतकी वर्षं होता.

"नंतर मी माडीवर जाऊन बसलो," ते म्हणाले. "पुस्तक उघडून. काही दिसत नव्हतं पुस्तकात. बऱ्याच वेळानं तो वर आला. हात काखेत दाबून धरला होता. मला वाटलं, मारतो आता हा मला, आणि मारलं तर बरं होईल. तो माझ्या मेजाशी आला, बघितलं, आणि म्हणाला, दादा, तुझी दौत उघडीच राहिलीय. शाई वाळेल. आणि दुखऱ्या हातानंच झाकण लावलं."